पेन्सिलीची पूड

ईशापूरच्या रायफलीवर पेन्सिलीची पूड होती.

विद्याधरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. बोल्टच्या, म्हणजे मागच्या सरकत्या दांड्याच्या मुळाशी, जिथे रायफलीचा नंबर कोरलेला असतो, बरोबर तिथेच काळसर चकाकी होती. कोणीतरी वर कागद ठेवून पेन्सिल घासली होती. ठसा उठवून नेला होता.

रीत त्यांचीच होती. दर रविवारी गल्लीतली सात-आठ मुलं बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या या घरी जमायची. विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले विद्याधर त्यांच्यापुढे एक जुनी लष्करी रायफल ठेवायचे. तीनच होत्या त्यांच्याकडे. एक विलायतेची, एक बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली, एक अमेरिकेत घडलेली. तिन्हींच्या नळ्या कायमच्या बंद केलेल्या, तिन्हींचे नंबर पोलिसांच्या दप्तरी नोंदलेले. "घाई नाही," ते मुलांना सांगायचे. "अक्षर आधी बोटाने वाचायचं, मग डोळ्यांनी, मग मोठ्याने." मुलं पोलादावर बोट फिरवत ओरडायची, आय, एस, एच, ए! त्यानंतर कागद आणि पेन्सिल. पण मुलं गेली की विद्याधर स्वतः तेलाच्या फडक्याने पोलाद पुसत. आज शुक्रवार होता. ही पूड रविवारची नव्हती.

त्यांनी उरलेल्या दोन्ही रायफली कपाटातून काढल्या. त्यांच्यावरही तेच.

येलहंक्याचा शेषगिरी हा त्यांच्यासारखाच जुन्या रायफलींचा वेडा. गेल्या महिन्यात तो म्हणाला होता, "नंबर जपा हं. उद्या चोरट्या बंदुकीवर तुमचा नंबर ठोकला, की पोलीस तुमच्या दारात." तेव्हा विद्याधर हसले होते.

कपाटाची किल्ली बायकोकडे, शुभदाकडे असायची. किल्ली फक्त गुरुवारी बाहेर निघायची, कपाटाच्या काचा पुसायला शिवलीलाला द्यायला. शिवलीला सीमाभागातल्या अथणीकडची. अकरा वर्षं घरी कामाला.

"तिच्यावर संशय?" शुभदा म्हणाली. "अहो, माझ्या बांगड्या मी तिच्यासमोर टेबलावर टाकून आंघोळीला जाते."

"बांगड्यांना नंबर नसतो," विद्याधर म्हणाले.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. मुलं बसली की शिवलीला हटकून त्याच खोलीच्या दाराबाहेर झाडायची. चार पावलांची ती जागा झाडायला तिला तासभर लागायचा. रविवारी येत नको जाऊ म्हटलं, तर "असू दे की अण्णा" म्हणायची. सुट्टी नको म्हणणारं माणूस त्यांनी कारखान्यातही पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी मुलांना येऊ नका म्हणून कळवलं. शिवलीला आली आणि रिकामी खोली पाहून थबकली.

"अण्णा, आज पोरं का आली न्हाईत?"

"तुला काय करायचंय?"

तिने मान खाली घातली. विद्याधरांनी तेही मनात नोंदवलं. मग ते एकटेच खोलीत बसून राहिले. भिंतीवर मुलांनी शिक्षकदिनाला दिलेली कार्डं होती, वेड्यावाकड्या अक्षरांत नुसतं 'सर' लिहिलेली. मुलांचा वर्ग सहा वर्षांत पहिल्यांदाच चुकला होता, आणि याचाही राग ते शिवलीलावर काढत होते.

गुरुवारी त्यांनी पिशवी उचलली. आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजीला जातो म्हणाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. दारावर त्यांच्या नावाची देवनागरी पाटी होती. बंगळुरात तीस वर्षं राहूनही ती त्यांनी हट्टाने बदलली नव्हती. पाटीखाली चपला काढून ते अनवाणी आत शिरले. हातातल्या मोबाइलवर पोलीस ठाण्याचा नंबर काढून ठेवलेला होता.

कपाट उघडं होतं. शिवलीला फरशीवर बसली होती, मांडीवर अमेरिकन रायफल, रायफलीवर कागद, हातात पेन्सिलीचा तुकडा.

"कोणाला देतेस हे?"

ती दचकली. कागद पदराआड गेला. "कुणाला न्हाई, अण्णा."

"इकडे दे. नाहीतर हा फोन लावतो."

तिने कागद दिला. पुन्हा पुन्हा घडी घालून तो मऊ झाला होता. त्यावर ठसेच ठसे. कारखान्यांची नावं, वर्षं, तिन्ही रायफलींचे नंबर. प्रत्येक ठशाखाली तीच अक्षरं हाताने काढलेली. सगळ्यांत खाली मात्र ठसा नव्हता. तिथे एकच शब्द दहा-बारा वेळा लिहिलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला. दर वेळी आधी एका अक्षराची जागा मोकळी. मग आय, डी, वाय, ए, डी, एच, ए, आर.

विद्याधरांनी ती अक्षरं पुन्हा जुळवून पाहिली. हे त्यांचंच नाव होतं, पहिलं अक्षर सोडून. म्हणजे नंबरांबरोबर मालकाचं नावही बाहेर जाणार होतं.

"माझं नाव कशाला हवं होतं तुला?"

शिवलीलाने रायफल मांडीवरून उतरवून हलकेच भिंतीला टेकवली. मग पुढे झुकून त्यांच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. आय, डी, वाय... एकेका अक्षरावरून बोट नेत ती मोठ्याने वाचत गेली. घाई न करता. शेवटच्या अक्षराशी थांबली आणि तिने बोट परत मागे आणलं, मोकळ्या जागेवर.

"परवा शिक्षकदिन हाय न्हवं," ती म्हणाली. "हे पहिलं अक्षर तेवढं तुमच्या एकाबी बंदुकीवर न्हाई, सर."