बरणीतली माती

शिकागोच्या डीएनए प्रयोगशाळेत गालाच्या आतला नमुना घेताना अपर्णाने नागपुरी सवयीने विचारलं होतं, “मॅम, मूळ गाव?” कृष्णवर्णीय म्हातारी खळखळून हसली होती. “तेच तर शोधतेय, पोरी! आमच्या माणसांना जहाजांत कोंबून विकायला आणलं, तेव्हा गाव कुणी लिहून ठेवलं?” आज निकाल घ्यायला ती आईच्या थडग्यावरची माती काचेच्या बरणीत घेऊनच आली. गाव कळलं की माती तिथं नेऊन टाकायची, असं तिने मरणाऱ्या आईला वचन दिलं होतं. “तुमच्यासारखा डीएनए आफ्रिकेतल्या अकरा देशांत सापडतो, मॅम.” “आणि गाव?” “गाव यातून कळत नाही.” म्हातारीने बरणी मांडीवर घेतली. “तुझं गाव कुठलं गं?” अपर्णा सवयीनेच बोलून गेली: गाव, तालुका, जिल्हा, एका दमात, मग तिला बरणीकडे बघवेना. म्हातारीने घट्ट झाकण आणखी आवळलं.