बर्फाचं कलम

मंत्र्यानं चष्मा नाकावर चढवला आणि कायदा वाचायला घेतला, तशी वर गॅलरीत बसलेली हमालाची बायको खुर्चीच्या टोकावर आली.

"आता कान देऊन ऐका, मावशी," शेजारची वकीलबाई कुजबुजली. "सहावं कलम आपलं."

नवरा तिचा गेल्या उन्हाळ्यात गेला. पत्र्याच्या गोदामात, खोकी उचलता उचलता. उकाड्यानं माणूस मरतो हे मालकाला पटेना, म्हणून वकीलबाई कोर्टात भांडली. कोर्टानं सरकारचा कान धरला. घटनेनं माणसाला जगायचा हक्क दिलाय ना? मग गोदामातली माणसं जगतील असा कायदा करा. त्याच गोदामात आता तिचा लेक लागला होता. आज सकाळी त्याला उठवत नव्हतं, डोकं गरगरत होतं. तीच म्हणाली, "आजचा दिवस काढ, राजा. उद्यापासून दुपारचं काम बंद."

सभागृह मात्र असं गार, की बाईनं हात काखेत घातले होते. त्या गारठ्यात एकटा कोटवाला काय तो खुशीत होता. गॅलरीतच, पुढच्या रांगेत बसला होता.

"तो कोण हो?"

"गोदामवाल्या कंपनीचा माणूस. ते लोक तिकडच्या थंड मुलखातले."

कोटवाल्याचे ओठ हलत होते. शाळेत दुसरा पोरगा कविता म्हणायला उभा राहिला, की पाठ असलेला पोरगा बाकावर पुटपुटतो ना, तसे. फक्त हा गडी मंत्र्याच्या एक शब्द पुढं होता.

मंत्री सहाव्या कलमावर आला. "साठवणगृहातील गारठा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास, अथवा बर्फवृष्टी झाल्यास, कामगारांना गरम पेय देण्यात यावे व काम तात्काळ थांबविण्यात यावे."

बाईला वाटलं, आपलंच कायतरी चुकलं ऐकण्यात. "काय म्हणाले?"

वकीलबाई हातातले कागद पुढं-मागं करत होती.

"उन्हाचं कुठाय?"

"काल संध्याकाळपर्यंत होतं, मावशी."

दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हे. खाली एक म्हातारा सभासद काठीवर जोर देऊन उभा राहिला. "मंत्रीमहोदय, आपल्याकडं बर्फ फक्त ग्लासात पडतो!"

सगळे हसले. मंत्रीही हसला, मनमोकळा. "अहो, जगभर चालतो हा मसुदा. आणि आपण जरा घटना वाचा. कायद्यापुढं सगळे समान. बर्फ पडला तर हमालालाही सुट्टी, मालकालाही सुट्टी."

बाकं धडाधड वाजली.

"आणि ऊन?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"उन्हाची सक्ती केली तर कंपनी गाशा गुंडाळून दुसरीकडं जाईल. धंद्याचं स्वातंत्र्यही घटनेतच आहे, बरं का."

"मग कोर्टाला काय सांगणार?"

"कोर्ट म्हणालं, कायदा करा. केला."

म्हातारा काठी टेकत खाली बसला. सभापतींनी विचारलं, बाजूनं असतील त्यांनी होय म्हणा. खालून "होय" आला, जेवणाची वेळ झाल्यावर येतो तसा, भरघोस.

"अहो, उन्हाचं राहिलं!" बाई ओरडली. कधी उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. "अहो साहेब! उन्हाचं राहिलं!"

दोन-चार माना वर झाल्या आणि परत खाली गेल्या. दारावरच्या शिपायानं तिचं कोपर धरलं. "बाई, इथं बोलायचं नसतं."

"मग कुठं बोलायचं?"

"बाहेर."

"बाहेर कोण ऐकतंय?"

शिपायानं धरलेला हात तेवढा सैल केला. कोटवाला उठून बाजूला झाला, आणि भला माणूस असल्यासारखा म्हणाला, "आधी तुम्ही."

खाली जमा केलेला फोन घेऊन ती वकीलबाईबरोबर पायरीवर आली, तर ऊन थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तिनं लेकाचा नंबर लावला. वाजतोय, वाजतोय. उचल रे. उचल बाबा.

"आई." आवाज खोल गेलेला. "झाला का?"

"झाला. तू आत्ताच्या आत्ता घरी ये."

"मुकादम सोडत नाही गं. म्हणतो, कायदा झाला तर दाखव. काय लिहिलंय ते सांग ना, मी त्याला सांगतो."

बाईनं वकीलबाईकडं बघितलं. वकीलबाई स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

"आई? काम कधी बंद?"

"बर्फ पडला की."

"काय?"

"बर्फ पडला की बंद, असं लिहिलंय."

तो आत कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आला, "अरे, बर्फ पडला की सुट्टी!" पत्र्याखाली माणसं हसली. चांगली पोट धरून हसली, खोकला लागेपर्यंत. मग मुकादमाची शिट्टी वाजली, आणि खोकी सरकायला लागली.

फोन त्यानं बंद केलाच नव्हता, तसाच खिशात टाकला होता. आता नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, तुटत तुटत.

"मावशी, सावलीत तरी या," वकीलबाई म्हणाली.

बाईनं हात वर करून तिला गप्प केलं, आणि दुसरा कान बोटानं दाबून धरला.