सोबतीची अट

"एकट्याच आलात?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

अध्यक्षबाईंनी ओळखपत्र काचेला लावलं. नगरपालिकेच्या क्रीडा समितीच्या त्या अध्यक्ष. ही नेमबाजीची जागा नगरपालिकेनेच चालवावी की कंत्राटदाराला देऊन मोकळं व्हावं, याचा अहवाल आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मत तर ठरलेलंच होतं. नगरपालिकेने नळाला पाणी सोडावं, रस्त्यावर दिवे लावावेत. लोकांच्या हातात बंदुका देण्याचा उपद्व्याप हवाय कशाला? पण डोळे मिटून सही ठोकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दहा गोळ्या स्वतः मारून बघायच्या, मगच सही करायची, म्हणून त्या आल्या होत्या.

खिडकीतल्या बाईंनी ओळखपत्र नीट वाचलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पहिल्यांदा बंदूक मागणाऱ्याला एकट्याला ती मिळणार नाही. सोबत कुणीतरी हवं.

"अहो, मी अध्यक्ष आहे."

"आहात ना. पण एकट्या आहात."

अध्यक्षबाईंना हसू आलं. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. त्याचं चष्म्याचं दुकान दोन चौक पलीकडे होतं. "अरे, जरा नेमबाजीच्या तिथे ये. तुझ्याशिवाय मला कुणी विचारत नाही इथे." "कुठे?" असं त्याने दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, "येतो."

तोवर त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. ही जागा म्हणजे पूर्वीचा पोहण्याचा तलाव. पाणी केव्हाच काढून टाकलेलं. उथळ टोकाला नेमबाज उभे राहत, खोल टोकाला वाळूच्या पोत्यांपुढे कागदाची लक्ष्यं टांगलेली असत. छताच्या काचेतून दुपारचं ऊन खाली येत होतं आणि निळ्या फरशांवरून हळूहळू सरकत होतं. त्यांनी कानांवर जाड कानबंद चढवले. सगळे आवाज दूर गेले. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटलं, आणि त्या पाण्यातून सव्वीस वर्षांपूर्वीची एक दुपार अलगद वर आली.

समोरचाच बसथांबा. एक पांढराफटक तरुण या दारातून बाहेर आला आणि थेट त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "आत सोबत कुणीतरी लागतं म्हणतात. तुम्ही याल? अर्धाच तास." आणि त्या गेल्या. त्याने दहा गोळ्या मारल्या. कागदाला एकही लागली नाही, खोल टोकाची एक फरशी तेवढी फुटली. ती अजून तशीच होती. घरी पाहुणे आले की हा किस्सा ठरलेला. "माझी बस चुकली आणि हे ध्यान गळ्यात पडलं," असं त्या म्हणत. लेक म्हणे, "बाबा, आईला पटवायला बंदूक?" सगळे पोट धरून हसत. नवराही हसे, आणि मग पाणी प्यायला आत जाई.

कानबंद काढून त्या खिडकीशी परतल्या. पिशवीतून त्यांनी कंत्राटदाराचा प्रस्ताव काढला. "सोबतीची अट रद्द" या ओळीपुढे त्यांनी सकाळीच पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

"कंत्राटदार म्हणतो, या अटीमुळे कितीतरी गिऱ्हाइकं परत जातात."

"खरंच बोलतो तो," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "परत जावीत म्हणूनच तर ती अट आहे."

"म्हणजे?"

बाईंनी आवाज खाली आणला. "पहिल्यांदाच येतात, एकटेच येतात, त्यातले काही जण निशाणा मारायला आलेले नसतात, बाई. जीव नकोसा झालेला असतो त्यांना. त्यांना आम्ही नाही म्हणत नाही. कुणाला तरी घेऊन या, एवढंच सांगतो. बहुतेक जण घरी जातात. एक रात्र मध्ये गेली की माणूस पुन्हा माणसात येतो. धंदेवाला गिऱ्हाईक कशाला परत पाठवेल? आम्हाला काय, नोकरी नगरपालिकेची."

"आणि कुणी खरंच कुणाला घेऊन आलं तर?"

"तर मग तो एकटा राहिला नाही ना."

अध्यक्षबाईंचा हात काचेवरच राहिला. तो पांढराफटक चेहरा, घामेजलेला हात, एकेका गोळीनंतर मागे वळून आपण तिथे आहोत ना हे पाहणारे ते डोळे. सव्वीस वर्षं आपण हसलो, चारचौघांत हसलो, याची त्यांना इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. त्यांनी खोडरबर मागून घेतला. ती खूण पुसली आणि तिथे लिहिलं, "अट राहील. जागा नगरपालिकेकडेच राहील." अक्षर थोडं वाकडं आलं.

नवरा दारात येऊन थांबला होता. चष्मा पुसायचं फडकं अजून त्याच्या हातातच होतं. उंबरठ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग बायकोच्या डोळ्यांकडे, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही हे त्याला कळलं.

दोघं बाहेर येऊन बसथांब्याच्या बाकावर बसली. समोरून एक बस आली, थांबली, निघून गेली.

"तुझी बस चुकली त्या दिवशी," तो हळूच म्हणाला. "नशीब माझं. नाहीतर मी आज नसतो."

त्यांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तो हात आपल्या हातात धरला.

"चुकली नव्हती रे. माझा एक पाय पायरीवर होता. कंडक्टर चला, चला म्हणत होता. मी तुझा चेहरा पाहिला आणि खाली उतरले."