सकाळचा पेला

सुईतून पू निघाला तो काकवीसारखा, तांबडा-काळा. शिवरुद्र पलंगाची दांडी घट्ट धरून पडला होता. उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि हुडहुडी भरून येणारा ताप त्यानं अंगावर काढला होता. शेवटी परभणीला आणून सोनोग्राफी केली, तर यकृतात पेरूएवढं गळू.

"प्या म्हनावं अजून!" बसम्मा भिंतीकडं बघून म्हणाली. नवऱ्याशी ती बोलत नसे.

शिवरुद्र मानवतला देशी दारूच्या दुकानापुढं फुटाण्याचा गाडा लावी. घरी येई तेव्हा सदऱ्याला तोच वास. गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून तो सांगे, थेंब घेतला नाही. बसम्मा म्हणे, पिणारे सगळे असंच सांगतात. वर्षभरापूर्वी तिनं बोलणंच टाकलं. पण नवरा असा वाया जाऊ द्यायचा कसा? शेजारच्या सरजाबाईनं एका बाबाची मठी सांगितली. तिथल्या कुंडाचं पाणी पोटात गेलं की दारू सुटते म्हणे. अट एकच, पिणाऱ्याला कळता कामा नये. हिरवट पाण्याची बाटली तिनं ज्वारीच्या कणगीत लपवली. रोज उपाशीपोटी त्यातलं घोटभर ती साध्या पाण्याच्या पेल्यात मिसळून त्याला देई. गुण येईना, तशी मात्रा वाढवत गेली. आजही पिशवीत बाटली होतीच.

डॉक्टर मैत्रेयी रिपोर्ट घेऊन आल्या. बसम्मा पुढं सरसावली.

"दारूनंच सडलं ना लिवर? सांगा ह्यायला तोंडावर!"

"दारूची एकही खूण नाही यांच्या लिव्हरवर," डॉक्टर म्हणाल्या. "हे गळू जंतूंनी झालंय. ते घाण पाण्यातून पोटात जातात. आतड्यातून यकृतात पोचतात आणि तिथं पू करतात. औषधानं बरे होतील. पण पाणी कुठलं पितात हे?"

बसम्मानं पिशवी छातीशी धरली.

शिवरुद्रचा चेहरा मात्र उजळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याच्या बाजूनं बोललं होतं.

"बाहेरचं पानी मी शिवत बी न्हाई, बाई. गाड्यावर घरची बाटली नेतो. आन् सकाळी ही देती तेवढा गिलास. जरा वास येतो त्याला." त्यानं बायकोकडं पाहिलं. "पन वरीस झालं, ही माझ्यासंगं बोलत न्हाई. तेवढा गिलास मातर सोताच्या हातानं देती. नको कसं म्हनू?"