दाखल क्रमांक पाच

मोठ्या बाईंनी पेटीत हात घातला आणि मागच्या रांगेत ग्रंथपाल बाईंनी श्वास रोखला. पेटीत चिठ्ठी एकच होती आणि ती त्यांचीच होती.

पेटीचं नाव 'चांगुलपणाची पेटी'. एखाद्या सहकाऱ्याचं चांगलं काही दिसलं तर निनावी लिहून टाकायचं. दर शनिवारी शिक्षकांच्या खोलीत जाहीर वाचन, मग टाळ्या, मग चिठ्ठी त्या त्या माणसाच्या हातात. पूर्वी ती तक्रारपेटी होती. जुन्या अक्षरांवर पांढरा रंग दिला होता, पण एकाच हातात उरकलेला, त्यामुळे 'तक्रार' खालून अजून डोकावत होती.

"वाचते हं," मोठ्या बाई म्हणाल्या. "'वाचनकोपऱ्यात ठेवलेलं खेळाचं सगळं सामान पी.टी.चे सर उद्या, रविवार असूनही, स्वतः उचलून जिन्याखालच्या खोलीत नेणार आहेत. मुलांना वाचायला जागा व्हावी म्हणून. कुणालाही न सांगता.'"

टाळ्या झाल्या. सरांचा कप ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच थांबला.

ग्रंथपाल बाईंनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत शेवटी थांबल्या.

शाळा उघडली त्याच दिवशी सरांनी ग्रंथालयातल्या वाचनकोपऱ्यातलं खिडकीखालचं टेबल आणि सहा छोट्या खुर्च्या बाहेर काढून तिथे जाळ्या, रिंगा, गाद्या आणि उडी मारायचा लाकडी घोडा आणून कोंबला होता. शिवाय याच शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, तिथे वाचायला येतं कोण? घोडा निदान उभा तरी राहील." सगळे हसले होते. तिथे रोज वाचत बसणारी पाचवीतली मुलगी तेव्हापासून जिन्यात बसून वाचते आणि जाणारे-येणारे तिला ओलांडून जातात. हसणाऱ्यांना बाईंनी माफ केलं. सरांवर डूख धरला.

भांडण केलं असतं तर दोन दिवसांत मिटलं असतं. म्हणून त्यांनी स्तुती सुरू केली.

पहिल्या शनिवारी वाचलं गेलं की, पी.टी.चे सर सगळ्यांच्या वह्यांचे गठ्ठे आपणहून दुसऱ्या मजल्यावर पोचवतात. सोमवारी सरांच्या खुर्चीत वह्या होत्या आणि सर उभे होते. दुसऱ्या शनिवारी कळलं की, पहिलीतलं मूल रडलं तर सर त्याच्याशेजारी मांडी घालून बसतात, ते गप्प होईपर्यंत. तोवर वर्गात दोन मुलं रडत होती, ती पाच झाली. तिसऱ्या शनिवारी सर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवू लागले. विज्ञानाच्या बाईंनी तर घरून दुसरी बाटली आणली.

इतके चांगले सर शाळेने पूर्वी कधी पाहिले नव्हते. सरांनीही नव्हते.

आज खोली रिकामी झाली तेव्हा ग्रंथपाल बाई विजयी सेनापतीसारख्या चष्मा पुसत होत्या. सर समोर येऊन उभे राहिले. शिट्टीच्या खिशातून त्यांनी चार चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईत बारीक आकडा होता. एक, दोन, तीन, चार. खाली तारीख.

"बाई," सर म्हणाले, "या शाळेत कागद दिसला की त्याला दाखल क्रमांक देणारं माणूस एकच आहे."

बाईंनी आकड्यांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांची सवय. हात पेटीकडे जाण्याआधी लाल पेनाकडे गेला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"मग पहिल्याच शनिवारी बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण टाळ्या वाजल्या." सरांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, क्रमाने लावल्या. "सोळा वर्षं शिट्टी वाजवतोय इथे. माझ्यासाठी कुणी काही वाजवलं नव्हतं."

"मला वाईट वाटेल अशी आशा असेल तर सोडा," बाई म्हणाल्या.

"छे हो. उद्या सकाळी सात वाजता या. ग्रंथालयाची किल्ली तुमच्याकडे असते."

किल्लीचा विचार बाईंनी केलाच नव्हता.

"घोड्याचे मागचे पाय तुम्ही धरा," सर म्हणाले. "पुढचे मी धरतो. जड आहे बरं का. निदान उभा तरी राहील, असं मीच म्हणालो होतो ना, आता हलता हलायचा नाही." दाराशी जाऊन ते वळले. गालावर हात होता. "आणि पुढच्या शनिवारचं जरा बेतानं लिहा. त्याच्या पुढच्या मंगळवारी दाढ काढायची आहे माझी."

ग्रंथपाल बाई ग्रंथालयात आल्या. रिंगांच्या ढिगाऱ्याआडून खिडकीचा वरचा वीतभर भाग दिसत होता. उद्या ती आख्खी दिसणार होती, पण त्यांना हवा तसा आनंद होईना. माणसाला छळावं आणि त्याने वेळापत्रक मागावं, हा कुठला न्याय.

त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली. कोपऱ्यात लाल शाईत पाच लिहिलं. आता लपवायचं तरी कुणापासून. मग दात-ओठ खात, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पी.टी.चे सर शाळा सुटल्यावर रोज सगळ्या वर्गांतले फळे स्वतः पुसतात.'

वर्ग बावीस होते. त्यांनी वाक्य दोनदा वाचलं. घडी घातली. उठून दारापर्यंत गेल्या.

परत आल्या, घडी उलगडली, 'रोज'च्या पुढे काकपदाची खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत, मावेल तितक्या बारीक अक्षरात लिहिलं: 'मंगळवार सोडून'.