पथ्याचा रकाना

वारज्यातल्या दवाखान्यात औषधांच्या सर्वेक्षणासाठी आलेली तनुजा टेबलावर कागद पसरून बसली होती. "डॉक्टर, देशाच्या सरासरीच्या निम्मीच औषधं लिहिता तुम्ही. नोंदी राहून गेल्यात का?" "नोंदी आहेत. वाचायच्या राहून गेल्यात," म्हातारे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले. तिने गठ्ठ्यातला वरचाच केसपेपर उचलला. रावसाहेब, वय अठ्ठ्याहत्तर, जेवण जात नाही. औषधाच्या जागी नुसती रेघ, खाली पथ्य: एकट्याने जेवू नये. "पण आमच्या तक्त्यात पथ्याला रकानाच नाही," ती म्हणाली. तेवढ्यात रावसाहेबच डबा घेऊन आत आले. "डॉक्टर, एक वाजला. पथ्य पाळायला आलोय." डॉक्टरांनी स्वतःचा डबा उघडला आणि तनुजाला विचारलं, "तुम्ही कुठे जेवता?" "कुठेतरी सावलीत, गाडी लावून. एकटीच." डॉक्टरांनी कोरा केसपेपर ओढला. "लिहू नका," तनुजा म्हणाली. तिने कागद गोळा केले आणि तिथे आपला डबा ठेवला.