आडून विचारायचा प्रश्न

“‘व्हेन विल यू लीव्ह?’ हे फार तोडून टाकल्यासारखं वाटतं, साहेब,” बाई म्हणाल्या. “हे आडून विचारा.”

साहेबांनी वही पुढे ओढली. साहेब म्हणजे पंपांच्या कारखान्याचे व्यवस्थापक. जीभ अशी फटकळ, की ‘व्हाय लेट?’, ‘व्हेअर फाइल?’ ऐकलं की समोरच्याचा हात आपोआप गालाकडे जायचा. कारखाना परदेशी मालकांनी घेतला आणि वरून दोन हुकूम आले. यापुढे कचेरीत सगळं बोलणं इंग्रजीत, आणि तेही अदबीनं. म्हणून साहेबांना शिकवायला या बाई येऊ लागल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान याच कारखान्यात चोवीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. ‘आमच्या घरात व्याकरण उशाला घेऊन झोपणारं माणूस आहे,’ हे साहेबांच्या कानावर त्यांनीच घातलं होतं.

“सरळ प्रश्नात ‘विल’ आधी, ‘यू’ नंतर,” बाई समजावू लागल्या. “आडून विचारताना सुरुवातीला ‘कुड यू टेल मी’ लावायचं. मग ‘यू’ आधी आणि ‘विल’ त्याच्या मागे. समोरच्याला प्रश्न लागतच नाही.”

“लागायलाच नको,” साहेब म्हणाले.

त्यांनी सात-आठ वेळा घोकलं. दर वेळी ‘विल’ पुढे उडी मारायचं आणि दर वेळी बाई त्याला मागे ओढायच्या. ‘लीव्ह’ जरा टोचतं, म्हणून ‘लीव्हिंग अस’ बाईंनीच सुचवलं. आपलेपणा येतो, म्हणाल्या. शेवटी वाक्य लोण्यासारखं उतरलं. ‘कुड यू टेल मी व्हेन यू विल बी लीव्हिंग अस?’ बाईंना भरून आलं. तीन महिन्यांत ती जीभ वळली होती. त्यांनी वहीत ‘उत्तम’ असा शेरा दिला. साहेबांनी वही मिटली, घोटभर पाणी प्यायले आणि बाईंकडे न बघताच ‘थँक यू’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान घरी आले ते चपला काढता काढताच बोलत सुटले.

“अगं, माणूस पार बदललाय! आज मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा! आणि काय गोड विचारलं म्हणतेस! निम्मं डोक्यावरून गेलं, पण ‘कुड यू टेल मी’ कळलं. पुढे ‘लीव्हिंग’ असं काहीतरी. घरी कधी निघता म्हणून विचारत होते. गाडीतून सोडायचा विचार असेल.”

बाई कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, ‘एनी टाइम, सर! विथ प्लेजर!’ तर उठून उभे राहिले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या.”

बाई खाली बसल्या.

“ते घरी जायचं नव्हतं हो विचारलं. नोकरी कधी सोडताय, असं विचारलंय त्यांनी तुम्हाला.”

यजमान हसले. मग बाईंचा चेहरा बघून थांबले.

“तुला काय माहीत?”

“वाक्य माझं आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. काल कसं घोकून घेतलं, ‘विल’ कसं मागे ओढलं, ‘अस’ कुणी जोडलं, शेरा काय दिला. काही लपवलं नाही. यजमान भिंतीला टेकून ऐकत राहिले. आता हे भडकणार, असं बाईंना वाटलं. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं,

“अगं, पण हे कुणाला विचारायचंय, एवढं एक नाही विचारलंस तू त्यांना?”